वाड्यातला संडास फोडण्याआधी मागच्या गल्लीत जाऊन या

फोन साधारण एकाच सुरात येतो. "ताई, आईंचे गुडघे गेलेत. संडास वर, पाच पायऱ्या चढून. तो खाली आणून कमोड बसवायचाय. टाइल्स पाहून ठेवल्यात." टाइल्स नेहमी आधीच पाहिलेल्या असतात. मी विचारते, आत्ताच्या संडासाचं पाणी जातं कुठे? मग पलीकडे आपापसांत कुजबुज होते आणि कुणीतरी म्हणतं, "जातं की मागे."

मी इंदूरला जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेते. डिप्लोमा सिव्हिलचा, पण खरं शिक्षण सासऱ्यांच्या हाताखाली झालं. ते ओव्हरसियर होते आणि कुणाच्याही घरी गेले की दिवाणखान्याआधी मोरी पाहायचे. मल्हारगंज, जुनी इंदूर, रामबाग, नारायण बाग इथली आपली मराठी घरं आता तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हातात आली आहेत. कुणाला म्हाताऱ्यांसाठी खालच्या मजल्यावर सोय हवी असते, कुणाला मागचा भाग भाड्याने द्यायचा असतो. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. उंच पायऱ्या, वास, गुडगुड, ओली भिंत ही जुन्या संडासाची सगळी दुखणी कुठल्या तरी काळात केलेल्या सोयीतून आलेली असतात. प्रश्न दर काळात तोच होता: हे उचलणार कोण आणि नेणार कुठे? तुमच्या घराने आजवर त्यावर काय काय केलं ते आधी शोधा, मग घण उचला.

आधी गल्ली

जुन्या वस्त्यांत घरांच्या पाठी एकमेकींकडे असतात आणि मधून अरुंद गल्ली जाते. हल्ली तिला सगळे बॅकलेन म्हणतात. महापालिकेने गेल्या काही वर्षांत अशा कितीतरी गल्ल्या साफ केल्या, फरशी घातली, भिंतींवर चित्रं काढली. चित्रं पाहा, हरकत नाही, पण नजर खाली भिंतीच्या पायथ्याशी न्या. तिथे हात-दीड हात रुंदीचा चौकोन विटांनी बुजवलेला दिसेल. त्या विटा बाकीच्या भिंतीहून वेगळ्या, चुन्याऐवजी सिमेंटात बसवलेल्या असतात. एखाद्या घराला लोखंडी पत्र्याचं झापडं अजूनही गंजून चिकटलेलं सापडतं.

त्या भोकातून टोपली किंवा डबा ओढून घेतला जायचा. वर पाय ठेवायला दोन दगड, मध्ये फट, खाली डबा. उचलायला येणारी बहुधा बाईच असे. पुढच्या दाराने येण्याची तिला मुभा नव्हती. जात ठरलेली, वेळ ठरलेली, वाट ठरलेली. ती घरातल्या कुणाच्या नजरेस पडू नये याची तजवीज वाड्याच्या नकाशातच करून ठेवली होती. संडास पाच पायऱ्या उंच का, याचं उत्तरही तेच. खाली डबा मावायला हवा आणि तो गल्लीतून ओढता यायला हवा. पुढे डबा गेला, भांडं आलं, फ्लश आला, पण पायऱ्या राहिल्या. आज त्या आईंच्या गुडघ्यांवर आल्या आहेत.

ही उंची पाडण्याआधी मोजा, कारण तुमच्या हातात असलेला ढाळ तोच आहे. चार इंची पाइपाला चाळीस फुटांमागे एक फूट ढाळ द्यायचा. नव्या जागेपासून मागच्या चेंबरपर्यंत तीस फूट अंतर असेल तर नऊ इंच त्यातच गेले. त्यात भांड्याची आणि ट्रॅपची, म्हणजे भांड्याखालच्या पाणी अडवणाऱ्या बाकाची, खोली मिळवा. मग चेंबरचं झाकण उघडून त्याच्या तळाची पातळी चौकाच्या फरशीशी ताडून पाहा. त्यासाठी मिस्त्रीकडे पाण्याची पारदर्शक नळी असते, यंत्र लागत नाही. हिशेब जमला तर संडास खाली येतो. नाही जमला तर एखादी पायरी ठेवावी लागते, नाहीतर भांडं गल्लीच्या बाजूला सरकवावं लागतं. मिस्त्री म्हणेल, "दीदी, पानी अपना रास्ता ढूँढ लेता है." ढूँढतो खरा, पण बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या भिंतीतून.

आणखी एक मोजमाप लोक विसरतात. गल्लीतल्या मॅनहोलचं झाकण आणि तुमच्या नव्या भांड्याचं तोंड, यांत वर काय आहे? भांडं खाली असेल तर जुलै-ऑगस्टात गटाराची लाइन तुंबली की सगळ्या गल्लीचं पाणी तुमच्या घरात वर येईल. अशा जागी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण परत येऊ न देणारी झडप, बसवा आणि तो साफ करता येईल असा चेंबरमध्ये ठेवा. पण त्याच्या भरवशावर भांडं आणखी खोल नेऊ नका.

गल्लीत उभे आहातच तर एक गोष्ट सांगते. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या बोलावण्यावरून इंदूरला आला होता. शहरात प्लेगची दहशत होती. या माणसाने दिवाळीची मिरवणूक ताब्यात घेतली आणि जाहीर केलं की ज्या वस्त्या सर्वांत स्वच्छ असतील तिथून मिरवणूक जाईल. लोकांनी घरं-गल्ल्या झाडून काढल्या, गाड्या भरभरून कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घालून चालत होते. १९१८ साली त्याचा इंदूरचा अहवाल छापला गेला. जमिनीखालच्या खर्चिक नळांमधून सगळं दूर ढकलून देण्याची घाई त्याला पसंत नव्हती. सांडपाणी बागांच्या कामी यावं असं त्याचं म्हणणं होतं. मला तो माणूस आवडतो. पण हार घालून झाले आणि दुसऱ्या दिवशी टोपली तीच राहिली, हेही खरं. कोरडे संडास बांधण्यावर आणि ते माणसाकडून साफ करून घेण्यावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा यायला १९९३ साल उजाडलं, आणि त्याला जरा दात आले ते २०१३ च्या कायद्याने.

रंगपंचमीचा उरलेला रंग

आता पाणी नेमकं कुठे जातं ते पाहायचं. घरात गेरचा, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीचा, उरलेला रंग असेलच. नसेल तर बाजारातून गडद गुलाबी रंगाची पुडी आणा. बादलीभर पाण्यात कालवून संडासात ओता, मागून दोन बादल्या साधं पाणी ओता. घरातल्या एकाला आधीच मागच्या चेंबरपाशी झाकण उघडून उभं करा. दोन संडास असतील तर दोन रंग घ्या.

रंग लगेच आणि गडद आला तर लाइन सरळ आहे. बऱ्याच वेळाने फिका येऊन पोहोचला तर मध्ये कुठेतरी जुनी टाकी आहे, तिच्याकडे पुढे वळू. आलाच नाही तर खड्डा आहे, किंवा पाइप फुटून पाणी जमिनीत मुरतं आहे. ओल्या भिंतीचं मूळ बहुधा इथेच सापडतं. रंग उघड्या नालीत दिसला तर ते काम सगळ्यात आधी. घरांची आणि वस्त्यांची तोंडं थेट कान्ह-सरस्वती नद्यांत सुटलेली होती, ती शोधून शोधून लाइनला जोडली गेली, तेव्हा कुठे २०२१ मध्ये इंदूरला देशातलं पहिलं 'वॉटर प्लस', म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं, शहर म्हटलं गेलं. त्यातून निसटलेली तोंडं जुन्या घरांत अजून सापडतात.

वाड्यात विहीर असेल तर तीही पाहा. वापरात नसली तरी पाहा, कारण उन्हाळ्यात टँकर चुकला की कुणीतरी तिच्यात मोटर सोडतंच. लंडनला १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती पटकीने माणसं पटापट मेली. जॉन स्नो या डॉक्टरने मेलेल्यांची घरं नकाशावर मांडून त्या पंपावर बोट ठेवलं. पुढे खोदलं तेव्हा दिसलं की पंपाच्या विहिरीपासून हाकेच्याही नाही, हाताच्या अंतरावर एका घराचा मैल्याचा खड्डा झिरपत होता. आपल्या चौकातली विहीर आणि मागचा शोषखड्डा यांत किती अंतर असतं ते टेपने मोजा. दहा मीटरपेक्षा कमी असेल तर ते पाणी तोंडात जाऊ देऊ नका, आणि नवा खड्डा तर तिथे अजिबात घेऊ नका.

हीच शिस्त नर्मदेचं पाणी घरात आणणाऱ्या नळाच्या पाइपाला. २०२५ च्या डिसेंबरअखेरीस इंदूरच्याच भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं आणि माणसं दगावली. आपल्या घरातही नळाचा जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप संडासाच्या लादीखालून गेलेला असतो. पाणी एक दिवस आड येतं. मधल्या वेळात पाइप रिकामा असतो आणि गंजलेल्या भोकातून बाहेरचं आत ओढून घेतो. नवा संडास बांधताना नळाचा पाइप तिथून उचला, भिंतीवरून उघडा फिरवा. दिसायला वाईट दिसतो. दिसू द्या.

चौकाखालची टाकी

लाइन येण्याआधी ज्यांनी टोपली सोडली त्यांनी सेप्टिक टँक बांधली. पुढे लाइन आली तेव्हा कुणी टाकी बंद केली, कुणी तशीच मध्ये ठेवून पुढे पाइप जोडला, आणि वर फरशी घालून सगळे विसरले. त्या फरशीवर आता स्कूटर उभी असते. फरशीवर लोखंडी पहारेने हलके ठोके देत चला. आवाज पोकळ आला की खडूने खूण करा.

सेप्टिक टँकचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा. फ्रान्समध्ये मूरास नावाच्या गृहस्थाने १८८१ मध्ये बंद टाकीचं पेटंट घेतलं, पुढे १८९०च्या दशकात इंग्लंडच्या एक्सेटर गावात कॅमेरॉनने ती गावाच्या सांडपाण्यासाठी बांधली. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात तर शतक संपायच्या आत अशा टाकीतल्या वायूवर दिवे लावले होते. हवेशिवाय जगणारे जिवाणू मैला खातात, गाळ खाली बसतो, वायू वर जातो. एवढंच तिचं काम आणि ते ती आपोआप करते. म्हणून टाकीत गूळ, ताक, यीस्ट टाकायची गरज नाही. मात्र दर रविवारी संडासात तेजाब ओतलात तर हे जिवाणू मरतात. आपल्याकडे दुसरी चूक जास्त होते: टाकी बांधली की आयुष्यभराचं काम झालं असं समजतात. गाळ साचत राहतो. दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो, नाहीतर पुढे शोषखड्डा बुजतो आणि मग चौक भिजतो.

आता नीट ऐका. टाकी उघडायची वेळ आली की आत माणूस उतरवायचा नाही. मिस्त्री म्हणेल, "एक लडका है, दस मिनट में कर देगा." नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेलाही तसाच जातो. वर्तमानपत्रात दोन-तीन जणांची बातमी एकत्र येते ती म्हणून. झाकण उघडल्यावर काडी किंवा विडी पेटवायची नाही, आत मिथेनही असतो. सक्शनची गाडी बोलवा. महापालिकेच्या ३११ अ‍ॅपवर मागणी नोंदवता येते, शिवाय १४४२० ही देशभराची हेल्पलाइन आहे. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली. हा आकडा मी ठेकेदाराला पहिल्याच दिवशी सांगून टाकते, त्याचा उपयोग होतो. टोपली ओढणाऱ्या बाईची वाट बंद करून तिच्या नातवाला टाकीत उतरवायचं, असला बदल माझ्या कामावर चालत नाही.

घर लाइनला जोडलेलं असेल तर टाकी ठेवू नका. गाडीने पूर्ण उपसून घ्या, तळाला दोन-चार भोकं पाडा म्हणजे पावसाचं पाणी साठून राहणार नाही, मुरूम भरून थराथराने ठोका, आणि पाइप सरळ चेंबरला न्या. पहारेचं काम बाहेरून, लांब दांड्याने करायचं. तेही टाकी उघडून, हवा खेळू देऊन, दुसऱ्या दिवशी.

वाकडा पाइप

वास येतो म्हणून लोक फिनाइल बदलतात, एक्झॉस्ट बसवतात, देवघराची जागा बदलतात. वास येण्याचं कारण नव्वद टक्के वेळा ट्रॅपमध्ये असतं.

लंडनला अलेक्झांडर कमिंग नावाचा घड्याळजी होता. १७७५ साली त्याने संडासाचं पेटंट घेतलं आणि त्यात भांड्याखालच्या पाइपाला बाक दिला. त्या बाकात थोडं पाणी अडून राहतं आणि खालची हवा वर येत नाही. त्याआधीही पाण्याचे संडास झाले होते, १५९६ मध्ये हॅरिंग्टनने एक केला होता, पण खालून येणारी दुर्गंधी कुणाला अडवता आली नव्हती. आज तुमच्या घरात दहा हजाराचा कमोड असो की चारशेचं भांडं, वास अडतो तो त्या बाकातल्या दोन इंच पाण्याने. बाकी सगळी चिनी मातीची शोभा.

तेव्हा तपासणी अशी. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि थोडा वेळ थांबा. वास गेला तर ट्रॅप सुकला होता. पाहुण्यांच्या खोलीतल्या, कधीतरीच वापरायच्या बाथरूममध्ये हे होतं. आठवड्यातून एकदा पाणी घाला, संपलं. वास गेला नाही तर जाळी उचलून बोटाने पाणी लागतं का पाहा. ट्रॅपच बसवलेला नाही अशी घरं मी भरपूर पाहिली आहेत. सरळ पाइप, वर चकचकीत स्टीलची जाळी.

गुडगुड ऐकू येत असेल तर गोष्ट वेगळी. वरच्या मजल्यावर फ्लश केला आणि खालच्या भांड्यातलं पाणी हललं, तर पाइपाला श्वास घ्यायला जागा नाही. वरून पाणी धडाडत जाताना मागे हवेची ओढ निर्माण होते आणि ती तुमच्या ट्रॅपमधलं पाणी शोषून नेते. मग दोन इंचांची भिंत पडली आणि वास मोकळा. उपाय म्हणजे उभा पाइप गच्चीच्या वरपर्यंत नेऊन त्यावर जाळीची टोपी बसवणं. पुष्कळ घरांत हा व्हेंट मध्येच, शेजाऱ्याच्या खिडकीपाशी सोडलेला असतो, किंवा गच्चीवर खोली काढताना कापून बुजवलेला असतो. गच्चीवर जाऊन डोळ्यांनी पाहा.

फ्लशच्या टाकीबद्दल थोडं. उंचावरच्या साखळीच्या लोखंडी टाक्या एका वेळी साडेबारा लिटर पाणी सोडत. आता तीन आणि सहा लिटरची दोन बटणं असतात. नर्मदेचं पाणी १९७८ पासून इंदूरला येतं. ते जलूदहून सत्तर किलोमीटर आणि चारशे मीटरहून जास्त चढ चढून. एवढा डोंगर चढलेलं पाणी तीन लिटरचं काम असताना साडेबारा लिटर ओतणं मला पटत नाही. मात्र जुना ढाळ कमी असेल तर नुसती तीन लिटरची बटणं दाबून लाइन तुंबते. ढाळ आधी, बटण नंतर.

लाइन नसलेल्या प्लॉटवर

राऊकडे किंवा बायपासच्या पलीकडे नवा प्लॉट घेतलेल्यांसाठी हे. आवार मोकळं असेल तर टाकीऐवजी दोन खड्ड्यांचा संडास करा. माणसं यावर नाक मुरडतात, "गावाकडचं" म्हणतात. पण ज्याला पुढच्या वीस वर्षांत कुणाच्या हातात मैला द्यायचा नाही, त्याने हाच करावा. १९७० मध्ये बिंदेश्वर पाठकांनी बिहारात सुलभचं काम सुरू केलं ते याच रचनेवर. त्याही आधी कणकवलीला गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धन खताचे स्वस्त संडास बांधत होते, आणि स्वतः भंगीकाम करत होते.

रचना सोपी. तीव्र उताराचं भांडं, त्याखाली फक्त वीस मिलिमीटर पाण्याचा ट्रॅप, म्हणजे दीड-दोन लिटर ओतलं की साफ. पुढे एक छोटा चेंबर, त्यातून दोन खड्ड्यांकडे दोन वाटा, त्यांपैकी एक विटेने बंद. पाच माणसांना सुमारे एक मीटर व्यास आणि सव्वा मीटर खोलीचा खड्डा साधारण तीन वर्षं पुरतो. भिंतीच्या विटा जाळीदार, मध्ये फटी ठेवून रचायच्या, तळ मातीचाच ठेवायचा. पहिला भरला की वीट दुसऱ्या तोंडाला लावायची आणि पहिल्याला दोन वर्षं हात लावायचा नाही. मग उघडा. कोरडी, वास नसलेली, चहाच्या चोथ्यासारखी माती निघते. तुमच्या माळव्यातल्या काळ्या मातीत मात्र पाणी मुरत नाही, म्हणून खड्डा थोडा मोठा घ्या आणि विटांच्या बाहेरून फूटभर जाडीची वाळू-गिट्टी भरा. अंघोळीचं साबणाचं पाणी त्यात सोडू नका.

या खताबद्दल इंदूरकरांनी नाक मुरडणं तर फारच झालं. १९२४ मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर. अल्बर्ट हॉवर्ड तिथे काडीकचरा, शेण, माती यांचे थर लावून, ढीग खालीवर करून तीन महिन्यांत खत करत होता. त्याच्याबरोबर रसायनाचं काम पाहणारे यशवंत वाड. १९३१ चं पुस्तक दोघांच्या नावावर आहे. १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतला केर आणि मैला याच पद्धतीने कसा जिरवावा ते लिहिलं. जगात कुठेही सेंद्रिय शेतीवाल्याला 'इंदूर मेथड' विचारा, त्याला माहीत असते. आपल्या लोकांना इंदूर म्हटलं की पोहे आठवतात.

जागा फार लहान असेल तर सेप्टिक टँकच करा. पाच माणसांना आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली, वर फूटभर मोकळी जागा. याहून लहान "रेडीमेड ड्रम" कुणी दिला तर घेऊ नका. झाकणाच्या वर सक्शनचा पाइप पोहोचेल अशी वाट ठेवा.

भांडं कुठे, किती उंच

लाकडी तुळयांच्या माळ्यावर संडास नको, कितीही वॉटरप्रूफिंगचं आश्वासन मिळालं तरी. तुळई भिंतीत जिथे टेकते तिथे आधी सडते आणि ते दिसत नाही. वर हवाच असेल तर मागच्या बाजूला, खालून वेगळे खांब घेऊन करा. जिन्याखालच्या संडासात डोकं आपटतं आणि हवा येत नाही. तिथे सामान ठेवा.

म्हाताऱ्यांसाठी कमोडची बसायची उंची सतरा-अठरा इंच घ्या, दार बाहेर उघडणारं लावा. आत कुणी पडलं तर आतलं दार त्यांच्याच अंगाला अडतं. धरायचा दांडा भिंतीत विटेपर्यंत बोल्ट जाईल असा बसवा, टाइलवर चिकटवलेला नको. आजोबांना उकिडवंच बसायचं असेल आणि त्यांना जमत असेल तर ओरिसा पॅन ठेवा. सगळ्या घराने कमोडवर बसलंच पाहिजे असं काही नाही.

पैसे देण्याआधी

शेवटचा हप्ता हातात ठेवा. टाइल्स लागण्याआधी पाइप उघडा असतानाच टेप लावून फोटो काढा, कुठल्या भिंतीपासून किती इंचांवर, किती खोल, आणि ते घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. तुमच्यानंतर जो फोडेल त्याला रंगाची पुडी लागणार नाही. प्रत्येक वळणावर चेंबर हवा आणि त्याचं झाकण टाइलखाली गाडलेलं नको. "दीदी, फर्श खराब दिखेगा," असं मिस्त्री हमखास म्हणतो. साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोला गटारांवरच्या विटा आणि दगडी लाद्या उचलून गाळ काढत होते. तेव्हाच्या मिस्त्रीला जमलं ते आताच्याला जमेल. टाइल चिकटवलेलं फ्रेमचं झाकण मिळतं, ते लावा, फरशीत मिसळून जातं.

मग सगळ्या भांड्यांत एकदम पाणी सोडा. वर फ्लश, खाली फ्लश, मोरीत दोन बादल्या, तिन्ही एकाच वेळी. एकाने खालच्या ट्रॅपकडे पाहायचं, एकाने मागच्या चेंबरकडे. ट्रॅपमधलं पाणी जागचं हललं नाही, चेंबरमध्ये थांबलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या पायथ्याशी हात कोरडा लागला, की पैसे द्या. गल्लीतला बुजवलेला चौकोन नव्या प्लास्टरमध्ये झाकायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी मालकांना सांगते, राहू द्या, पुढे पाइप शोधताना भिंतीतली तीच जागा उपयोगी पडते.